दम्याची लॉग फाइल

आमच्या धंद्यात एक भयंकर छळवादी प्रकार असतो. बग येतो, पण नेहमी येत नाही. टेस्टर म्हणतो "आत्ता दिसला होता", आपण त्याच्या डेस्कपाशी जाऊन उभे राहिलो की सगळं सुरळीत चालू. अशा बगसमोर हुशारी फारशी चालत नाही. लॉग लागतो. नेमका कधी आला, त्या आधी काय झालं होतं, कुठल्या मशीनवर आला... हे कोणीतरी लिहून ठेवलेलं असेल तरच तो सापडतो.

मला असा एक बग वयाच्या सहाव्या वर्षापासून आहे. त्याचं नाव दमा.

ज्यांना दमा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला कायम थोडी सूज असते. त्यामुळे त्या चिडक्या झालेल्या असतात. एखादी गोष्ट, म्हणजे धूळ, धूर, थंड हवा, सर्दी, कुठल्याशा फुलाचे परागकण, त्यांना खटकली की भोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि नळी बारीक होते. मग छातीत मांजर घुरघुरल्यासारखा आवाज आणि धाप. ही जी खटकणारी गोष्ट, तिला ट्रिगर म्हणतात. गंमत अशी की प्रत्येकाचा ट्रिगर वेगळा. त्याहून मोठी गंमत म्हणजे रात्री तीन वाजता जीव नकोसा झालेला माणूस सकाळी अकराला दवाखान्यात पोचतो तेव्हा बऱ्याचदा ठणठणीत असतो. डॉक्टर छातीला नळी लावतात, आणि आतून काहीच आवाज नाही. अगदी टेस्टरच्या डेस्कसारखं.

मध्यंतरी एका आजारपणात घरी बसून दम्याचा इतिहास वाचत होतो. वाचता वाचता लक्षात आलं की ट्रिगर शोधणाऱ्यांत खूप जण स्वतःच धापणारे किंवा शिंकणारे होते, आणि बाकीच्यांनी निदान नीट नोंदी तरी ठेवल्या होत्या. थिअरी त्यांची बरेचदा साफ चुकलेली असायची. लॉग मात्र बरोबर असायचा. आजचा लेख त्या लॉगबद्दल.

सुरुवात आपल्याकडूनच करू. चरकसंहितेत 'तमक श्वास' नावाचा प्रकार वर्णन केलाय तो आजच्या दम्याशी बराच जुळतो. धूळ, धूर आणि वारा ही श्वासरोगाची कारणं म्हणून तिथे सांगितली आहेत. ढग दाटून आले, गारठा पडला, पूर्वेचा वारा सुटला की हा त्रास वाढतो, हेही आहे. आणि एक बारकावा असा, की आडवं झाल्यावर रुग्णाला जास्त त्रास होतो, उठून बसल्यावर बरं वाटतं. ज्याने रात्र रात्र उशी मांडीवर घेऊन, पुढे वाकून काढली आहे त्याला हे वाक्य वाचून काय वाटतं ते मी सांगायला नको. कोणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी अशा माणसाच्या शेजारी जागत बसलं होतं, एवढं नक्की.

आता एक मोठी उडी मारून युरोपात जाऊ, कारण पुढची गोष्ट आपल्या इंजिनिअर मंडळींच्या ओळखीच्या माणसाची आहे. गाडीतला कार्डन शाफ्ट आठवतोय? तो ज्याच्या नावाने ओळखला जातो तो जिरोलामो कार्डानो. इटलीतला गणिती, जुगारी, ज्योतिषी आणि पेशाने डॉक्टर. तिसऱ्या घाताची समीकरणं सोडवण्याच्या पद्धती त्याच्या १५४५ सालच्या ग्रंथात छापल्या गेल्या. या माणसाला १५५२ साली थेट स्कॉटलंडहून बोलावणं आलं. सेंट अँड्रूजचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन दहाएक वर्षं दम्याने हैराण होते. कार्डानो मिलानहून निघून कित्येक आठवड्यांचा प्रवास करत एडिंबराला पोचला.

तिथे गेल्यावर त्याने लगेच जालीम औषध दिलं नाही. आधी रुग्णाचं खाणं, झोपणं, कामाचे तास हे सगळं पाहिलं आणि मग आख्खी दिनचर्याच बदलून दिली. जेवण बेताचं, झोप भरपूर, कामाचा ताण कमी. आणि एक बारीकशी सूचना अशी की पिसांची गादी आणि उशी काढून टाका, त्याऐवजी रेशमाची गादी वापरा. आर्चबिशपना आराम पडला, कार्डानो भरपूर सोनं घेऊन घरी परतला. (हॅमिल्टन पुढे दम्याने गेले नाहीत. १५७१ साली त्यांना राजकारणापायी फाशी दिलं गेलं.)

कार्डानोची थिअरी काय होती? तर मेंदू बिघडलाय आणि त्यातून पाझरणारा द्रव छातीत उतरतोय. म्हणजे शंभर टक्के चूक. अ‍ॅलर्जी हा शब्द जन्माला यायलाच अजून साडेतीनशे वर्षं होती, १९०६ पर्यंत. पण गादी बदलली, आणि आज हा प्रसंग वाचणाऱ्या डॉक्टरांना पहिला संशय त्या पिसांच्या गादीचाच येतो. गादी लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

यानंतरचा माणूस माझा सगळ्यात आवडता. सर जॉन फ्लॉयर, इंग्लंडमधल्या लिचफील्ड गावचा डॉक्टर. याला स्वतःलाच तीस वर्षं दमा. १६९८ साली त्याने दम्यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यात स्वतःची केस मांडली. ऑक्सफर्डला बारा वर्षं राहिलो तेव्हा जवळजवळ मोकळा होतो, आणि स्टॅफर्डशायरला घरी आलो की एखाददुसरा झटका ठरलेला, हे त्याने नोंदवून ठेवलंय. झटके रात्री येतात, हवा बदलली की येतात, धूळ आणि तंबाखूच्या धुराने वाढतात, घराण्यातून पुढे जातात, हे सगळं तिथे आहे. हाच माणूस नाडी मोजायला मिनिटभर चालणारं खास घड्याळ बनवून घेणारा. त्यावरचं त्याचं पुस्तक १७०७ सालचं. म्हणजे मोजून लिहायची खोड मुळातच होती. इतका दमा असूनही गडी चौऱ्याऐंशी वर्षं जगला.

फ्लॉयरची ती ऑक्सफर्डची नोंद मला फार जवळची वाटते, कारण "होस्टेलवर बरा होतास, घरी आलास की आजारी पडतोस" हे वाक्य मी इंजिनिअरिंगची चार वर्षं ऐकलंय. घरच्यांच्या मते तो मेसच्या जेवणाचा उशिरा झालेला परिणाम होता. :)

एकोणिसाव्या शतकात हेन्री हाइड सॉल्टर. लंडनचा डॉक्टर, लहानपणापासून दमेकरी. त्याचं १८६० सालचं दम्यावरचं पुस्तक पुढची कित्येक वर्षं प्रमाण मानलं जात होतं. मांजर जवळ आलं की उठणारा दमा त्यात तपशीलवार आहे. दम्यावर उतारा म्हणून तो कडक काळी कॉफी सांगतो, आणि हे अगदीच हवेतलं नाही. कॉफीतलं कॅफिन आणि दम्यावरचं थिओफायलिन ही रसायनं चुलतभावंडं आहेत. आपल्याकडे अनेक घरांच्या औषधाच्या डब्यात असलेली डेरिफायलिनची गोळी याच कुळातली. (म्हणून उबळ आली की कॉफी पीत बसू नका. पंप घ्या.)

आणि मँचेस्टरचा चार्ल्स ब्लॅकली. याला दरवर्षी ठराविक मोसमात शिंका आणि नाक-डोळ्यांतून पाणी. लोक म्हणायचे ऊन बाधतं. याने गवताचे परागकण गोळा केले, स्वतःच्याच नाकात घातले, त्वचा खरवडून त्यावर लावले आणि गांधी कशा उठतात ते लिहून ठेवलं. एवढ्यावर भागलं नाही तर चिकट काचपट्ट्या लावून पतंग उडवले, उंचावरच्या हवेत किती परागकण आहेत ते मोजायला! १८७३ साली हे सगळं पुस्तकरूपाने आलं. आज अ‍ॅलर्जीवाले डॉक्टर हातावर थेंब टाकून, सुईने टोचून जी टेस्ट करतात तिचा हा पूर्वज.

पुणेकरांना परागकणांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मोकळ्या प्लॉटमध्ये माजणारं पांढऱ्या फुलांचं गाजर गवत, उर्फ काँग्रेस गवत, हे मूळचं अमेरिका खंडातलं. भारतातली नवी नोंद म्हणून ते १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं, ते पुण्यात सापडलं म्हणून. तिथून देशभर. हात लागला तर खाज आणि पुरळ, परागकण नाकात गेले तर शिंका, आणि काहींना दमा.

इथपर्यंत गाडी सरळ चालली होती. धूळ, धूर, पिसं, मांजर, गवत... यादी वाढत होती. आणि मग विसाव्या शतकात तिला एक विचित्र फाटा फुटला.

१९३० ते ५० च्या दशकांत मनोविश्लेषण जोरात होतं. दमा हा मनाचा आजार ठरला. शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी १९४१ साली मांडलं की दम्याची घरघर म्हणजे आईसाठी फोडलेला, पण दाबून टाकलेला हंबरडा. मग दोषी कोण? अर्थातच आई. फार लाड करणारी किंवा फार दूर लोटणारी, कुठलीही चालेल. मरे पेश्किन या अमेरिकन डॉक्टरांनी तर एक शब्दच काढला, पॅरेंटेक्टमी. अपेंडिक्स कापून काढतात तसे आईबाप काढून टाकायचे! दम्याने गंभीर आजारी मुलांना महिनोन्‌महिने, कधी वर्षा-दोन वर्षांसाठी, कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरातल्या निवासी संस्थेत ठेवायचं. आणि बरीचशी मुलं खरोखर सुधारायची. झालं की सिद्ध!

आता यातला बग बघा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी ठणठणीत. मूल तिथे गेलं तेव्हा आई मागे राहिली हे खरं. पण आईबरोबर मागे काय काय राहिलं? घरातली गादी, उशी, गालिचा, ओलसर भिंती. एका वेळी दहा गोष्टी बदलल्या आणि श्रेय, म्हणजे खापर, एकीच्याच डोक्यावर. आमच्याकडे एका रिलीजमध्ये दहा बदल करून "हा यानेच बिघडवला" असं कोणी म्हटलं तर लोक हसतील.

दहा गोष्टींतली खरी गोष्ट कोणती, हे नेदरलँड्समध्ये सापडलं. हा देश डेन्व्हरच्या बरोब्बर उलटा, सपाट आणि ओला. ओलसर घरांत दम्याचे रुग्ण जास्त, आणि त्यांच्या घरातल्या धुळीच्या अर्काने त्वचेवर गांधी उठतात, हे तिथल्या डॉक्टरांना माहीत होतं. पण धुळीत नेमकं असतं काय? लायडनमधल्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांच्या गटाने १९६४ च्या सुमारास उत्तर दिलं, माइट. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, कोळ्याच्या कुळातला प्राणी. आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. पाणी पीत नाही, हवेतला दमटपणा शोषून घेतो, म्हणून कोरड्या हवेत मरतो. दमेकऱ्याला तो स्वतः फारसा त्रास देत नाही, त्रास देते त्याची विष्ठा. आणि त्याची सगळ्यात आवडती वस्ती कुठली? गादी, उशी, पांघरूण. कार्डानोनंतर चारशे बारा वर्षांनी आपण परत गादीपाशी आलो.

मनाचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. ताण, रडणं, अगदी जोरात हसणं यांनीही उबळ येऊ शकते. काही मुलांना घरातलं वातावरण भोवतही असेल. पण यादीतली एक ओळ म्हणजे अख्खी यादी नव्हे.

शेवटची गोष्ट बार्सिलोनाची, आणि डिबगिंग कसं करावं याचा हा धडाच आहे. १९८१ ते १९८७ या काळात या शहरात सव्वीस वेळा एक विचित्र प्रकार घडला. एखाद्या दिवशी अचानक, काही तासांच्या आत, हॉस्पिटलांच्या इमर्जन्सीत दमेकऱ्यांची रीघ. काही थेट व्हेंटिलेटरवर, काही दगावले. दुसऱ्या दिवशी सगळं शांत. पहिला संशय अर्थातच प्रदूषणावर, गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर. पण त्याने हिशोब जुळेना.

जुझेप मारिया अंतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचा जागा-वेळेचा हिशोब मांडला. गर्दी बंदराच्या आसपासच्या भागात एकवटलेली दिसली. मग बंदरातल्या मालाच्या नोंदी काढल्या. सव्वीस प्रकारचा माल, कोणत्या दिवशी कोणता चढला-उतरला, त्याची तारखांशी सांगड. १९८५-८६ मधल्या ज्या तेरा साथीच्या दिवसांची माहिती मिळाली, त्या तेराच्या तेरा दिवशी बंदरात सोयाबीन उतरत होतं. (गव्हाचाही थोडा संबंध दिसत होता, पण सोयाबीनचा परिणाम वजा केल्यावर तो टिकला नाही. कोरिलेशनवाल्यांनी नोंद घ्यावी.) पण मग सोयाबीन उतरल्यावर दरवेळी साथ का नाही? कारण वारा. साथीच्या सगळ्या दिवशी वारा मंद आणि बंदराकडून शहराकडे वाहणारा होता. म्हणजे दोन अटी, मध्ये 'अँड'. सोयाबीन अँड वारा.

मूळ चूक फारच फालतू निघाली. बंदरातल्या एका धान्यकोठाराच्या माथ्यावर धूळ अडवणारे फिल्टर बसवलेलेच नव्हते. सोयाबीनच्या टरफलांची धूळ हवेत मिसळत होती. फिल्टर बसवले आणि तशा मोठ्या साथी थांबल्या. १९८९ साली हे संशोधन छापून आलं. पुढे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या लोकांनी १९५७ ते ६८ मधल्या आपल्या जुन्या गूढ साथींच्या तारखा काढून पाहिल्या, तर तिथेही सोयाबीनच्या बोटींशी संबंध दिसला.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की सहा वर्षं त्या शहरातला प्रत्येक रुग्ण आपापल्या परीने कारण शोधत असणार. काल आइस्क्रीम खाल्लं, जिना जोरात चढलो, टेन्शन घेतलं. एकेकट्याला ती बोट दिसणं शक्यच नव्हतं. तारखा लिहिलेल्या होत्या म्हणून दिसली.

आता माझा बग. दरवर्षी दिवाळीत मला हमखास ॲटॅक यायचा. घरात सगळ्यांचं एकमत होतं, फटाके. एका वर्षी मी साधी एक्सेल शीट केली. तारीख, वेळ, कुठे होतो, काय केलं, किती पफ घेतले, पीक फ्लो मीटरचा आकडा. (हे मीटर म्हणजे जोरात फुंकायची एक प्लास्टिकची नळी. स्वस्त असते, औषधाच्या दुकानात मिळते.) अकरा महिन्यांनी शीट बघितली तर त्रास फटाक्यांच्या चार-पाच दिवस आधीच सुरू झालेला. त्या दिवशी माळा साफ केला होता आणि ट्रंकेतली पांघरुणं काढली होती. पावसाळ्यात गावी गेलो की पहिल्याच रात्री त्रास, पुण्यातल्या फ्लॅटवर नाही. गावी मी झोपतो आजीने शिवलेल्या गोधडीत. जुन्या नऊवारींची, सात-आठ थरांची. तिच्याशिवाय मला तिथे झोप येत नाही. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी टोचून टेस्ट केली, माइटच्या थेंबावर टम्म गांध उठली. फटाक्यांचा धूर निर्दोष नव्हताच, पण तो दुसऱ्या नंबरवर होता.

हे आईला फोनवर सांगितलं, डेन्व्हरच्या गोष्टीसकट. लहानपणी एका दवाखान्यात तिला सर्वांदेखत ऐकवलं होतं की तुम्ही फार लाड करता, म्हणून याला धाप लागते. मी विसरलो होतो. ती नव्हती. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे माझे लाड नव्हते तर."

वीस वर्षं. एक ओळ कोणी लिहून ठेवली नाही म्हणून.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, नाहीतर कोणी भलताच अर्थ काढायचं. ट्रिगर सापडला म्हणजे दमा गेला, असं नाही. सूज आत असतेच. पंपाची सवय लागते म्हणून तो टाळणारे अजून घरोघरी आहेत. बाबांनो, १९५६ साली पहिला खिशात मावणारा पंप आला, तोही एका कंपनीप्रमुखाच्या दमेकरी मुलीने "केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का नाही?" असं विचारलं म्हणून. त्याला घाबरायचं कारण नाही. उलट नुसत्या निळ्या पंपावर वर्षं काढणं धोक्याचं आहे. तो नळी तात्पुरती उघडतो, सूज तशीच राहते. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की सूज कमी करणारं, श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड हवंच. तेव्हा डॉक्टरांशी बोला, आणि जाताना आपली डायरी घेऊन जा. सकाळी अकराला छाती काही बोलली नाही तरी डायरी बोलेल.

असो, बरंच लांबलं. गोधडी आता साठ डिग्रीच्या गरम पाण्यात धुऊन निघते, एक नऊवारी थोडी विरली, पण टिकून आहे. बाल्कनीत उन्हात टाकलीये, ढग भरून येताहेत. ती आत घेतो.